जुनी साडी, वाळूची पेटी आणि पंख्याचा खोका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी आणि हवा स्वच्छ करण्याचं विद्यापीठांमधलं बरंचसं संशोधन प्रयोगशाळेतून बाहेर पडतच नाही. जे थोडं थेट घरात पोचलं, त्यातल्या तीन गाळण्यांबद्दलचे हे प्रश्न आहेत: दोन पाण्याच्या, एक हवेची. तिन्ही स्वस्त आहेत आणि दिसायला इतक्या साध्या की त्यात काहीतरी सुधारणा करावी असं प्रत्येकाला वाटतं. बिघाड बहुतेक वेळा त्या सुधारणेतूनच होतो. म्हणून ‘कसं करायचं’ याच्या जोडीने ‘असंच का करायचं’ हेही इथे सविस्तर दिलं आहे.

या गाळण्या कोणी तयार केल्या?

साडीच्या गाळणीवर मेरीलँड विद्यापीठाच्या रीटा कोलवेल आणि अन्वर हक यांनी बांगलादेशातल्या संशोधकांबरोबर काम केलं. घरगुती वाळूचा फिल्टर, म्हणजे बायोसँड फिल्टर, कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात डेव्हिड मँझ यांनी १९९० च्या दशकात विकसित केला. हवा गाळणारा पंख्याचा खोका २०२० मधला. हवेच्या गुणवत्तेवर काम करणारे प्राध्यापक रिचर्ड कोर्सी यांची कल्पना आणि टेक्सासमधले फिल्टर-उत्पादक जिम रोझेन्थल यांनी बांधलेला पहिला नमुना, म्हणून त्याचं नाव ‘कोर्सी-रोझेन्थल बॉक्स’. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने त्याच्या रीतसर मोजण्या केल्या.

कापडाच्या छिद्रांतून जंतू आरपार जाणारच. मग साडीने कॉलरा कसा कमी होईल?

सुटा जंतू आरपार जातो, हे अगदी खरं आहे. कॉलराचा जीवाणू एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि कापड त्याला अडवू शकत नाही. पण तळ्या-नद्यांच्या पाण्यात हे जीवाणू मोठ्या संख्येने कोपेपॉड नावाच्या बारीक जलचरांना चिकटून राहतात, आणि हे जलचर जीवाणूच्या मानाने कितीतरी मोठे असतात. जुन्या साडीच्या घडीतून साधारण २० मायक्रॉनपेक्षा मोठे कण जात नाहीत. कोपेपॉड अडकला की त्याच्या अंगावरचे जीवाणूही अडकतात.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही युक्ती वेगळ्या कारणाने माहीत आहे. नारूचा जंत ज्या सायक्लॉप्समधून पोटात जायचा, तो सायक्लॉप्सही कोपेपॉडच. नारूच्या मोहिमेत दुहेरी फडक्याने पाणी गाळायला सांगत आणि पायऱ्यांच्या विहिरी बदलून घेत, त्याचं कारण हेच. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

साडी कोणती घ्यायची? पदर किती?

सुती, जुनी आणि खूपदा धुतलेली. वारंवार धुण्याने सुताचे धागे पिंजतात, मऊ होतात आणि छिद्रं लहान होतात. नवी कोरी साडी त्या मानाने कमी गाळते. नायलॉन, जॉर्जेट किंवा पॉलिस्टरची साडी कितीही जुनी झाली तरी तिचे धागे असे पिंजत नाहीत, म्हणून ती घेऊ नका.

घडी चार ते आठ पदरांची करा. ती कळशीच्या तोंडावर सैल पडेल इतकी मोठी घ्या आणि काठाला घट्ट बांधा. काठावरून न गाळलेलं पाणी आत ओघळलं तर सगळी मेहनत वाया जाते.

गाळून झालं की कापड उलटं करू नका आणि त्याच्यावरून पुन्हा पाणी ओतू नका. सोडून ते आधी भरपूर पाण्यात खळबळा, शेवटी गाळलेल्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. ओलं कापड घडी करून ठेवलं तर अडकलेले जीव त्यातच तग धरतात. पावसाळ्यात ऊन नसतं आणि साथीही तेव्हाच येतात, म्हणून दोन-तीन कापडं आलटून पालटून वापरावीत.

म्हणजे गाळलं की उकळायला नको?

उकळायलाच हवं. सप्टेंबर १९९९ ते जुलै २००२ या काळात बांगलादेशातल्या ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकांमध्ये साडीच्या गाळणीचा अभ्यास झाला आणि गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. फुकटच्या कापडासाठी ही मोठी गोष्ट आहे, पण निम्म्याहून थोडा जास्त धोका तसाच राहतो. ज्या घरात सरपण किंवा गॅस परवडत नाही, त्या घरासाठी ही गाळणी आहे. उकळणं किंवा क्लोरीन शक्य असेल तर आधी गाळा, मग ते करा. गढूळपणा कमी झाल्यावर क्लोरीनही नीट लागू पडतं.

वाळूच्या फिल्टरमध्ये पाणी नेमकं कशाने शुद्ध होतं?

पहिलं काम वाळूच्या बारीक फटींचं. मोठे जंतू आणि गाळ त्यांत अडकतात. पण मुख्य काम वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये वाढणारा जिवंत थर करतो. त्यातले सूक्ष्मजीव पाण्यातल्या रोगजंतूंना खातात. आणखी खाली अन्न आणि प्राणवायू संपत जातो, तिथे उरलेले मरतात.

फिल्टर नीट बसवला आणि थर पिकला की सुमारे ९८ टक्क्यांपर्यंत जीवाणू जातात. आमांशाचे एकपेशीय जीव आणि जंतांची अंडी तर जवळजवळ सगळी. विषाणूंच्या बाबतीत तो कमी भरवशाचा आहे. पुढे दिलेला जवळपास प्रत्येक नियम या जिवंत थराला सांभाळण्यासाठी आहे.

वाळू कोणती?

खडी केंद्रावरची क्रश सँड सगळ्यात बरी. नदीच्या वाळूत सांडपाण्याचे अंश आणि पालापाचोळा असतो, तो सडत राहतो. समुद्रकाठची वाळू नकोच. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

वाळू चाळायच्या आधी उन्हात खडखडीत वाळवा. ओली वाळू चाळणीला चिकटते आणि माप चुकतं. मग तीन वाटे करा. ६ ते १२ मिलिमीटरची खडी सगळ्यात खाली जाईल. साधारण ०.७ ते ६ मिलिमीटरचा कच मधल्या थरासाठी. ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली बारीक वाळू ही खरी गाळणारी वाळू.

खडी आणि कच पाणी नितळ येईपर्यंत धुवा. वाळू मात्र तेवढी धुवायची नाही. इथे फार जण चुकतात. वाळू अगदी स्वच्छ धुतली की तिच्यातले सगळे बारीक कण निघून जातात आणि पाणी धो धो वाहतं. परीक्षा अशी: काचेच्या बरणीत थोडी वाळू आणि तेवढंच पाणी घ्या, गोल फिरवा, थांबवून तीन-चार सेकंद मोजा. बाजूने पाहिल्यावर पाणी किंचित धुरकट दिसावं आणि त्यातून वाळूचा पृष्ठभाग ओळखू यावा. पृष्ठभाग दिसतच नसेल तर आणखी एक-दोन पाणी द्या. पाणी आरशासारखं स्वच्छ असेल तर ती वाळू जास्त धुतली गेली.

पेटी कशी असते आणि भरायची कशी?

नेहमीचा नमुना काँक्रीटचा आहे. उंची कमरेएवढी, रिकामी पेटीच सत्तर किलोच्या पुढे भरते. तळापासून भिंतीतून वर येणारी, आतून सुमारे ६ मिलिमीटरची नळी ओततानाच बसवलेली असते. पेटी आधी तिच्या कायमच्या जागी, सपाट जमिनीवर ठेवा. भरल्यावर ती हलवायची नाही. हलली तर वाळू दाबून बसते आणि थर मोडतात.

भरताना प्रत्येक वेळी आधी पाणी, मग वाळू. कोरड्या वाळूवर पाणी ओतलं तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि पाणी त्यांना वळसा घालून एकाच वाटेने पळतं. पेटी निम्मी पाण्याने भरा. ५ सेंटिमीटर खडी, ती सपाट करा. वर ५ सेंटिमीटर कच, तोही सपाट. मग वाळू, साधारण ५४ सेंटिमीटर. ती हाताने दाबू नका, आपली आपण बसू द्या.

शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे. पाणी ओता आणि नळीतून थेंब पडायचे थांबेपर्यंत थांबा. आता वाळूवर ४ ते ६ सेंटिमीटर पाणी उभं राहायला हवं. त्यापेक्षा कमी असेल तर उन्हाळ्यात ते आटून जिवंत थर वाळेल, म्हणून थोडी वाळू काढा. जास्त असेल तर हवेतला प्राणवायू थरापर्यंत पोचत नाही, म्हणून वाळू घाला. वर छिद्रांची जाळी ठेवायला विसरू नका. पाणी थेट वाळूवर आदळलं तर खड्डा पडतो आणि थर तिथे फाटतो.

वेग किती असावा?

वरचा कप्पा काठोकाठ भरलेला असताना मिनिटाला जास्तीत जास्त ०.४ लिटर. एक लिटरचं माप नळीखाली धरा. ते भरायला अडीच मिनिटं किंवा जास्त लागली तर ठीक. त्याच्या आत भरलं तर वाळू जाड आहे किंवा जास्त धुतली गेली आहे, ती बदलावी लागेल.

दुसऱ्या आकाराच्या भांड्यात बांधणार असाल तर हा आकडा तसाच उचलू नका. मूळ नियम वाळूच्या पृष्ठभागावर आहे: दर चौरस मीटरला तासाला जास्तीत जास्त ४०० लिटर. काँक्रीटच्या पेटीतला पृष्ठभाग सुमारे ०.०६ चौरस मीटर, म्हणून तासाला २४ लिटर.

नळीला तोटी बसवली तर चालेल ना? पाणी वाया जाणार नाही.

नाही. तोटी बंद केली की पाणी वरच्या कप्प्यात तुंबून राहतं, थरावर पाच सेंटिमीटरऐवजी वीस-पंचवीस सेंटिमीटर पाणी उभं राहतं आणि थर गुदमरतो. बादलीपर्यंत पोचावं म्हणून नळीला रबरी पाईप जोडणं त्याहून वाईट. पाईपचं तोंड खाली गेलं की वक्रनलिकेसारखं सगळं पाणी ओढलं जातं आणि वाळू कोरडी पडते. नळीचं तोंड जिथे आहे तिथे उघडंच ठेवा, भांडं उंच स्टुलावर ठेवा.

दिवसातून किती वेळा पाणी ओतायचं?

एका वेळी १२ लिटर, आणि दोन वेळांमध्ये निदान एक तास विश्रांती. वाळूच्या फटींत एका वेळी सुमारे १२ लिटरच पाणी मावतं. तुम्ही वरून नवं पाणी ओतता तेव्हा बाहेर येतं ते आत थांबलेलं पाणी, आणि ते जितकं थांबलं तितकं चांगलं शुद्ध होतं. विश्रांती ४८ तासांपेक्षा जास्त मात्र होऊ देऊ नका, थर उपाशी मरतो. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना रोज एक बादली ओतायला सांगा.

बसवल्याबरोबर पाणी प्यायचं का?

थर तयार व्हायला ३० दिवसांपर्यंत लागतात. थंडीत जास्त वेळ लागू शकतो. तोवर गाळलेलं पाणी उकळा किंवा त्यात क्लोरीन घाला. या काळात पाण्याचा स्रोत बदलू नका. आज विहिरीचं आणि उद्या ओढ्याचं, असं केलं की थराला सतत नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

वेग अगदी मंदावला आहे. वाळू बदलू?

बदलू नका. भरलेल्या कप्प्यातूनही मिनिटाला ०.१ लिटरपेक्षा कमी येऊ लागलं तर वरचा गाळ काढायची वेळ झाली. जाळी काढा, चार लिटर पाणी ओता आणि बोटांनी वाळूचा फक्त वरचा भाग गोल गोल ढवळा. बोटं खोल घालू नका. वर आलेलं गढूळ पाणी वाटीने काढून टाका, वाळू सपाट करा, जाळी ठेवा आणि वेग मोजा. गरज पडली तर पुन्हा करा. थर थोडा मोडतो आणि काही दिवसांत परत बसतो. तोवर पुन्हा उकळलेलं पाणी.

हे महिन्या-दोन महिन्यांनी करावं लागलं तर ठीक. दर आठवड्याला करावं लागत असेल तर येणारं पाणीच फार गढूळ आहे. दोन लिटरची पारदर्शक बाटली त्या पाण्याने भरून वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी ठेवा आणि वरून पाहा. मथळा वाचता आला तर पाणी फिल्टरला चालेल. नाही आला तर आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी अलगद काढा.

नळाचं पाणी क्लोरीनचं असतं. ते घालू का?

नको. क्लोरीन थरातल्या जिवांनाही मारतं. हा फिल्टर विहीर, ओढा, तळं, पावसाच्या पाण्याची टाकी यांच्यासाठी आहे. क्लोरीन घालायचं ते फिल्टरमधून बाहेर आलेल्या पाण्यात: बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, आणि मग अर्धा तास थांबून प्यायचं.

फिल्टर चांगला चालतो, तरी घरात जुलाब होतातच. असं का?

भांडं पाहा. फिल्टरमध्ये ओतायची आणि गाळलेलं पाणी धरायची बादली एकच असते, हे नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे माठात हात बुडवून तांब्या भरणं. गाळलेल्या पाण्यासाठी अरुंद तोंडाचं, झाकणाचं भांडं वेगळं ठेवा. तोटी लावायची हौस असेल तर ती इथे जरूर लावा. नळीचं तोंडही आठवड्यातून एकदा स्वच्छ फडक्याने आणि क्लोरीनच्या पाण्याने पुसा.

खात्री हवी असेल तर एचटूएसची बाटली वापरा; पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ती काळी पडते. बऱ्याच ग्रामपंचायतींकडे असते. ओतायचं पाणी, नळीखालचं आणि माठातलं, अशा तीन ठिकाणचं पाणी तीन बाटल्यांत भरून २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा. नळीखालची बाटली तशीच राहिली आणि माठाची काळी पडली, तर दोष फिल्टरचा नाही.

खारेपणा, फ्लोराइड, आर्सेनिक जातं का?

जात नाही. विरघळलेलं काहीच वाळू अडवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे हा फिल्टर लावून निश्चिंत होऊ नका. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावर तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने काढली, पण तिचं प्रमाण पाण्याची तपासणी करूनच ठरवावं लागतं.

आर्सेनिकसाठी मात्र याच फिल्टरची एक सुंदर जोड आहे. एमआयटीच्या सुझन मर्कोट यांच्या गटाने नेपाळमधल्या संस्थेबरोबर ‘कांचन’ फिल्टर केला. वरच्या जाळीच्या जागी भांडं, त्यात सुमारे ५ किलो साधे लोखंडी खिळे आणि वर विटांचे तुकडे. खिळे गंजतात, गंजाला आर्सेनिक चिकटतं, गंजाचे कण वाळूत अडकतात. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे गंजत नाहीत, म्हणून ते इथे निरुपयोगी.

टीडीएस मीटरवर आकडा तोच येतो. म्हणजे फिल्टर काम करत नाही?

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. कॉलराचं पाणीही त्यावर ‘उत्तम’ दिसू शकतं.

आता हवा. पंख्याचा खोका कसा बांधायचा?

मूळ नमुन्यात २० इंची चौकोनी पंखा आणि २० × २० × २ इंचांचे मर्व्ह-१३ दर्जाचे (मर्व्ह हे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचं माप) चार किंवा पाच चुणीदार फिल्टर असतात. चार फिल्टर उभे करून चौकोनी खोका करा. प्रत्येकाच्या कडेवर हवेचा बाण छापलेला असतो, तो आतल्या बाजूला हवा. तळाला पुठ्ठा किंवा पाचवा फिल्टर. पाचवा लावला तर खोक्याला पाय द्या, नाहीतर तो जमिनीला चिकटून निकामी राहतो. वर पंखा असा ठेवा की तो आतली हवा ओढून छताकडे फेकेल. सगळे सांधे रुंद टेपने आतून-बाहेरून बंद करा.

पंख्यावर पुठ्ठ्याची चौकट लावा आणि मधे साधारण १५ इंच व्यासाचं गोल भोक ठेवा. पात्यांच्या टोकांपलीकडे, चारही कोपऱ्यांत हवा उलटी आत शिरते. पुठ्ठ्याने ती वाट बंद होते आणि तोच पंखा जास्त हवा काढतो.

आपल्याकडे चौकोनी पंखा सहज मिळत नाही. १२ इंची एक्झॉस्ट फॅन प्लायच्या तुकड्यात बसवून घेतला तरी चालतं. वायर आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पात्यांवर जाळी हवीच. आधी दोन-तीन तास समोर बसून चालवा. मोटर हात लावता येणार नाही इतकी तापत असेल तर तो पंखा वापरू नका.

मर्व्ह-१३ सगळे बारीक कण अडवत नाही. मग हेपा, म्हणजे त्याहून बारीक गाळणारा फिल्टर, का नको?

मर्व्ह-१३ मध्ये ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के कण अडतात, हेपामध्ये ९९.९७ टक्के. पण खोलीतली हवा एकदाच फिल्टरमधून जात नाही, ती फिरत राहते. मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढून निम्मी स्वच्छ केली तर ३०० घनफूट स्वच्छ हवा मिळते. हेपाचा अडथळा जास्त असल्याने लहान यंत्र १५० घनफूटच ओढू शकलं, तर मिळतात १५०. डेव्हिसच्या गटाने मोजलेल्या पाच फिल्टरच्या खोक्याने पंख्याच्या वेगानुसार मिनिटाला ६०० ते ८५० घनफूट स्वच्छ हवा दिली. चार-पाच फिल्टर लावल्याने प्रत्येकातून हवा संथ जाते आणि साध्या पंख्यालाही झेपते.

फिल्टर धुऊन वापरता येतात का?

अजिबात नाही. या फिल्टरच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, बरेचसे बारीक कण तोच ओढून धरतो. पाण्याने किंवा साबणाने तो जातो. धुतलेला फिल्टर पांढराशुभ्र दिसतो आणि बारीक धूर आरपार सोडतो. व्हॅक्यूमने वरवरची धूळ काढली तर हरकत नाही. उदबत्ती आणि मच्छर कॉइलच्या धुरानेही हा भार हळूहळू मंदावतो.

माझ्या खोक्याची क्षमता किती, हे घरीच कळेल का?

हो, पीएम २.५, म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, दाखवणारा छोटा मीटर हवा. खिडक्या बंद करा, उदबत्तीने आकडा चांगला वर चढवा, उदबत्ती विझवा. मीटर खोक्याच्या झोतात ठेवू नका. खोका बंद ठेवून आकडा निम्मा व्हायला किती मिनिटं लागतात ते पाहा. मग पुन्हा धूर करून खोका चालू ठेवून तेच मोजा. उदबत्ती लावण्यापूर्वीचा आकडा दोन्ही वेळा वजा करा, नाहीतर उत्तर चुकतं.

आता ४२ ला त्या मिनिटांनी भागा, म्हणजे खोलीतली हवा तासाला किती वेळा स्वच्छ होते ते कळतं. समजा बंद असताना ६० मिनिटं लागली, म्हणजे तासाला ०.७ वेळा, चालू असताना ६ मिनिटं, म्हणजे ७ वेळा. खोक्याचं काम ६.३ वेळा. १० × १२ × १० फुटांच्या, म्हणजे १२०० घनफुटांच्या खोलीत ते मिनिटाला १२६ घनफूट झालं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये खोलीतली हवा तासाला निदान पाच वेळा स्वच्छ व्हावी असं सुचवलं आहे, तेव्हा हा खोका त्या खोलीला पुरतो. दर दोन महिन्यांनी हीच चाचणी करा. आकडा निम्म्यावर आला की फिल्टर बदला.

आवाज फार होतो, मुलं बंद करतात.

बंद खोका शून्य हवा गाळतो, म्हणून कमी वेगावर पण सतत चालवा. भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, पडद्याआड नको.

गॅसचा वास, शेगडीचा धूर, कोंदटपणा जातो का?

धुराचे कण जातात. वायू जात नाहीत. कार्बन मोनॉक्साइड तर मुळीच नाही, म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून खोका लावणं जिवावर बेतू शकतं. कोंदटपणा म्हणजे साठलेला कार्बन डायऑक्साइड, त्यावर खिडकी हाच उपाय. बाहेरची हवा बरी असेल तेव्हा ती उघडा.

पावसाळ्यात आणि धुक्याच्या सकाळी मीटर खूप जास्त दाखवतो. हवा तितकी खराब असते का?

स्वस्त मीटर कणांवरून उसळलेला लेझरचा प्रकाश मोजतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश उसळवतात आणि मीटर त्यांना जास्त वजनाचे समजतो. म्हणून दमट सकाळचा आकडा कोरड्या दुपारच्या आकड्याशी ताडून पाहू नका. खोक्याच्या बंद आणि चालू अशा दोन चाचण्याही एकाच दिवशी, लागोपाठ, सारख्याच दमटपणात घ्या.